सक्ती आधी कोणावर?

(नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगमेश्वर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय लहान मुलांच्या लसीकरणाचा आहे. लस चांगली की वाईट, हा वाद मी इथे घालणार नाही. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तो लसीने. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, तोही लसीमुळेच. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. बाळाला लस टोचून घेणे कायद्याने बंधनकारक करावे का? आईबाप नको म्हणाले, तर सरकारने काय करावे? आणि आपण निवडून दिलेल्या लोकांनी सभागृहात या प्रश्नाचा विचार कोणत्या बाजूने सुरू करावा?

हा प्रश्न हवेतला नाही. २०२२च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही आली. मुले दगावली. राज्याला कृतिदल नेमावे लागले, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा द्यावी लागली आणि जिथे फार लहान बाळांना गोवर होत होता, तिथे सहा महिन्यांच्या बाळालाही लस देण्याची वेळ आली. अशा वेळी हमखास ऐकू येते, ‘आता कायदाच करा. लस नाही तर शाळेत प्रवेश नाही.’ दुसरीकडून तितक्याच तावातावाने उत्तर येते, ‘मूल माझे आहे, त्याच्या अंगात काय जाईल ते मी ठरवीन.’ दोन्ही वाक्ये मनापासूनची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

गोखल्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय का निवडला, ते आधी सांगतो. मुलाच्या हितासाठी आईबापांवर सक्ती करावी का, केली तर कोणत्या अटींवर, याचा इतका बारकाईने विचार करणारे लोकप्रतिनिधी आपल्याकडे थोडेच झाले, आणि त्यांतले एक आपल्याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे होते.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे बंधनकारक करता यावे, असा त्याचा गाभा होता. सक्ती हा शब्द उच्चारणे तेव्हा सोपे नव्हते. सरकारला खर्चाची भीती होती, जमीनदारांना राबणारे हात जाण्याची भीती होती, आणि लोकांनाही सरकारी शिपाई दारात येण्याची भीती होती. म्हणून गोखल्यांनी विधेयकातच सक्तीला लगाम घातला. सक्ती साऱ्या देशाला एकदम लागू व्हायची नव्हती. नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ती आपणहून मागायची. तीही त्या भागातली ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच. गोखल्यांच्या मनात हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश होते. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या आईबापांकडून फी घ्यायची नाही. आईबापांना दंड सांगितला होता, पण या साऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर.

विधेयक पडले. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विचार मात्र पडला नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा करून घेतला. पुढे २००२ साली शिक्षण हा घटनेतला मूलभूत हक्क झाला आणि २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा आला. त्या कायद्याचे आठवे कलम वकिलांनीच नव्हे, सर्वांनी वाचावे असे आहे. सक्तीच्या शिक्षणाची जबाबदारी ते सरकारवर टाकते. शाळा देणे, प्रवेश देणे, मूल येते की नाही हे पाहणे आणि त्याचे शिक्षण पुरे करून घेणे, हे सारे सरकारने करायचे. आईबापांचे कर्तव्य दहाव्या कलमात आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही. गोखल्यांनी जो लगाम घातला होता, तो शंभर वर्षांनी आणखी आवळला गेला. सक्ती आधी सरकारवर आली.

सक्तीला लगाम घालण्याचा हा रस्ता लसीच्या बाबतीतही आपल्याकडे एकदा धरला गेला होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. त्या काळी लस बाटलीत मिळत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव काढून दुसऱ्या मुलाच्या दंडात घालायचा आणि ही साखळी गावोगाव न्यायची. म्हणजे लस टोचून घेणे एवढ्यावर आईची सुटका होत नसे. आठ दिवसांनी तेच मूल पुन्हा न्यायचे, त्याचा ठणकणारा हात दुसऱ्यासाठी उघडा करायचा. देवी काढणारा गावात आला की आया मुलांना घेऊन लपत, यात नवल काय? कोणाच्या अंगातला द्रव कोणाच्या अंगात जातो ही जातीपातीची धास्ती होती. त्याबरोबर दुसरे रोग येतील ही भीतीही होती, आणि ती साफ निराधार नव्हती.

कायदे आले ते या पार्श्वभूमीवर. मुंबई शहरासाठी १८७७ साली लसीकरणाचा कायदा झाला, इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ साली. मध्यंतरी, १८८० साली, केंद्रीय कायदेमंडळाने लसीकरण कायदा केला. तो मांडला सर सय्यद अहमद खान यांनी. एका हिंदी सभासदाने पुढे आणलेला आणि मंजूर झालेला तो कायदा आहे. त्याची रचना पाहा. तो आपोआप कुठेच लागू होत नव्हता. नगरपालिकेने खास सभा बोलावून बहुमताने मागणी करायची, मग सरकारने तो लागू करायचा आणि त्याआधी रहिवाशांना लेखी हरकत घेता येई. सय्यद अहमद आणि गोखले यांच्या विधेयकांत तीस वर्षांचे अंतर आहे. विषय वेगळे, माणसे वेगळी. तरी दोघांनीही परक्या सरकारच्या हाती सक्तीचे हत्यार देताना त्याची मूठ स्थानिक लोकांकडे ठेवली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये उलटी चाल चालली होती. तिथे १८५३ साली बाळांना देवी काढणे सर्वांना सक्तीचे झाले आणि १८६७ साली दंड कडक झाले. गरीब आईबाप पुन्हा पुन्हा दंड भरू लागले, काही तुरुंगात गेले. १८८५ साली लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारने आयोग नेमला आणि १८९८ साली संसदेने कायद्यात सदसद्विवेकाची सवलत घातली. ज्या बापाला मनापासून लस मान्य नाही, त्याने दंडाधिकाऱ्यापुढे तसे सांगावे आणि दाखला घ्यावा. पुढे १९४०च्या दशकात ही सक्तीच रद्द झाली. दंडाने विरोध दबला नाही, तो संघटित झाला.

आपल्याकडे सक्तीने काय केले, तेही लक्षात ठेवायला हवे. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगची आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. रोग खरा होता, उपायांची गरज खरी होती. पण सोजिरांनी घरांत शिरून जी झडती घेतली, तिने लोक रोगापेक्षा सरकारला भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या वर्षांतही, १९७३ ते ७५ दरम्यान, देशात काही ठिकाणी रात्री दारे उघडायला लावून, माणसे धरून टोचल्याच्या नोंदी आहेत. आणि १९७६ साली, आणीबाणीत, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. हेतू कितीही मोठा असो, माणसाच्या शरीरावर कायदा चालवताना आपले लोकप्रतिनिधी कुठवर जाऊ शकतात, याचा हा घरचाच पुरावा. म्हणून सक्तीचे नाव निघताच लोक बिचकतात, त्याला अडाणीपणा म्हणू नये.

आता दुसरी बाजू, आईबापांच्या निवडीची. तिच्याबद्दलही तितकेच स्पष्ट बोलले पाहिजे.

गोखल्यांना राजकीय गुरू मानणारे गांधीजी लसीच्या विरोधात होते. १९१३ साली आरोग्यावर लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीला कडाडून विरोध केला होता. १९३० साली, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमात देवीची साथ आली. तीन मुले गेली. त्यांत आश्रमाचे संगीतगुरू, मराठी गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा लहान मुलगा होता. १२ मार्चला यात्रा निघाली तेव्हा पंडितजी त्या तुकडीत चालत होते. त्या बापाच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे, गांधीजींच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही सांगितले पाहिजे की निवड मोठ्यांनी केली आणि किंमत मुलांनी मोजली. इतक्या निर्मळ माणसाचे, इतके विचारपूर्वक बनलेले मतही विषाणूला थोपवू शकले नाही. प्रेम आणि निष्ठा असली म्हणजे निर्णय बरोबर ठरतो असे नाही.

‘मूल माझे आहे’ या वाक्याची मर्यादा इथे कळते. मूल आईबापांच्या ताब्यात असते ते विश्वस्ताच्या नात्याने. विश्वस्ताला निर्णयाचा अधिकार असतो, पण तो ज्याची ठेव आहे त्याच्या हिताने बांधलेला. शिवाय यात तिसरे कोणी तरी असते. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. आईकडून आलेले संरक्षण त्याआधीच ओसरू लागते. त्या मधल्या काळातले शेजारच्या वाडीतले बाळ स्वतः लस घेऊ शकत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेले मूलही घेऊ शकत नाही. त्यांचे रक्षण होते ते भोवतालच्या मुलांनी लस घेतल्यामुळे. गोवर इतका पसरणारा आहे की शंभरातली सुमारे पंचाण्णव मुले सुरक्षित असली तरच साथ थांबते. माझ्या निवडीचा परिणाम माझ्या उंबऱ्याच्या आत राहिला असता, तर हा वाद सोपा होता.

न्यायालयांनी हा तोल सांभाळायचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली जेकबसन खटल्यात सांगितले की साथीच्या वेळी राज्य देवीची लस बंधनकारक करू शकते आणि न घेणाऱ्याला दंड करू शकते. तो दंड पाच डॉलरचा होता. एप्रिल २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाचा बालकांच्या सक्तीच्या लसीकरणाचा कायदा मुलांच्या हिताच्या कसोटीवर योग्य ठरवला. आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांमधली गोवर-रुबेला मोहीम पालकांच्या संमतीशिवाय राबवता येणार नाही आणि त्यांना लसीचे फायदे व संभाव्य त्रास दोन्ही सांगावे लागतील, असा निर्णय दिला. मग २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने जेकब पुलियेल प्रकरणात कोविड लसीच्या निमित्ताने सांगितले की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. शरीराची अखंडता घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येते. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. लसीनंतरच्या त्रासाची माहिती लोकांसमोर ठेवावी, हेही त्या निकालात आहे. म्हणजे सुईची जबरदस्ती नाही आणि निर्बंधांना पूर्ण मनाईही नाही. मधली जागा न्यायालयाने कायदे करणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली आहे. सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांचा विषय आहे. तेव्हा ही जागा भरायचे काम प्रामुख्याने आपल्या विधानसभेचे.

ती भरण्याआधी आमदारांनी एक चौकशी करावी. लस चुकते ती कोणाची?

मी आपल्या तालुक्यापुरते बोलतो. शास्त्री आणि सोनवीच्या काठाने वर चढत जाणाऱ्या वाड्या एकमेकींपासून लांब, त्यात डोंगरावरचे धनगरवाडे. पावसाळ्यात सिस्टर आणि आशाताई लसवाहक खांद्याला अडकवून वहाळ ओलांडून जातात. चिरेखाणीवर परजिल्ह्यातून, परराज्यातून आलेली कुटुंबे असतात, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार मुलाबाळांसह राहतात. त्यांची नावे कोणत्या यादीत असतात? आपल्या चाकरमान्यांच्या घरांत तर नेहमीचे आहे. बाळ मुंबईत जन्मले, दोन मात्रा तिथे झाल्या, आई कामावर रुजू झाली आणि बाळ गावाला आजीकडे आले. कार्ड मुंबईच्या कपाटात राहिले. आजीला मात्रा कुठवर झाल्या ठाऊक नाही, अंगणवाडीत नाव नाही. हे मूल लसीविना राहते, पण त्याच्या घरात लसीला कोणी विरोध केलेला नसतो.

दुसरा गट धास्तावलेल्यांचा. पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, पेंटाव्हॅलंटच्या सुईनंतर पहिल्या बाळाला ताप आला, रात्रभर रडले, मांडी सुजली. पुढच्या वेळी आई टाळाटाळ करते. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी अशाच आयांना घेरले. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. त्या बातमीनंतर ज्या आईने हात आखडला, तिला विज्ञानविरोधी कसे म्हणायचे? तिला समजून सांगणारे माणूस हवे. विचारपूर्वक आणि ठाम नकार देणारा तिसरा गट आपल्याकडे सर्वांत लहान आहे.

आता ‘लस नाही तर प्रवेश नाही’ हा कायदा या तिघांवर कसा पडेल ते पाहा. ठाम नकार देणारा बहुधा शिकलेला, ऐपतीचा. तो वकील लावील किंवा घरी शिकवील. दंड आणि बंद दार वाट्याला येईल ते चिरेखाणीवरच्या मुलाच्या. त्याची लस आधीच चुकली होती, आता शाळाही चुकेल आणि दुपारची खिचडीही. कॅलिफोर्नियाने २०१५ साली वैयक्तिक मताची सवलत काढली, इटलीने २०१७ साली दहा लसी बंधनकारक केल्या, जर्मनीने २०२० पासून गोवराच्या लसीची अट घातली. तिथे नकार देणारे पुष्कळ होते म्हणून त्यांनी तो मार्ग घेतला. आपला रोग वेगळा आहे, औषध त्यांचे कशाला?

शिवाय सक्तीविना आपण किती पुढे आलो हेही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या मुलांत पूर्ण लसीकरण झालेली २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती सुमारे ७३ टक्के झाली. कोणालाही दंड न करता. ही वाढ मिशन इंद्रधनुष्यसारख्या मोहिमांची, आशाताईंच्या पायपिटीची आहे. उरलेल्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचायचे तर त्या पायांना बळ हवे.

म्हणून माझे मत असे. महाराष्ट्राने बालकांच्या लसीकरणाचा कायदा जरूर करावा, आणि तो शिक्षणहक्काच्या आठव्या कलमाच्या धर्तीवर करावा.

त्याचे पहिले प्रकरण सरकारवरच्या सक्तीचे असावे. राज्याच्या हद्दीत असलेल्या प्रत्येक बालकाला, त्याचा पत्ता कुठलाही असो, घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर वेळेवर लस मिळालीच पाहिजे. न मिळाल्यास कोण उत्तर देणार, ते कायद्यात लिहावे. साठा संपला, शीतसाखळी तुटली, आरोग्यसेविकेचे पद रिकामे राहिले, तर तो कायद्याचा भंग मानावा. आशाताईंचा मोबदला वेळेवर देणे हेही त्याच प्रकरणात यावे.

दुसरे प्रकरण सत्य सांगण्याचे. कोणत्या लसीने काय त्रास होऊ शकतो, किती वेळा होतो, काय करावे, हे मराठीत आधी सांगावे. क्वचित कोणा बाळाला लसीमुळे गंभीर इजा झाली, तर आईबापांना कोर्टाच्या पायऱ्या न झिजवता भरपाई मिळावी. अमेरिकेने १९८६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. समाजाच्या रक्षणासाठी ज्याने आपले मूल पुढे केले, त्याला समाजाने एकटे सोडू नये. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या वाल्देमार हाफकिन यांची आठवण इथे ठेवावी. १९०२ साली पंजाबात प्लेगच्या लसीच्या एका बाटलीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. चौकशी लवकर आणि उघड झाली असती, तर त्यांची आणि लसीची बदनामी इतकी टिकली नसती.

तिसरे प्रकरण आईबापांच्या कर्तव्याचे. शाळेत नाव घालताना लसीचे कार्ड विचारावे. ते नसेल तर प्रवेश द्यावा, आणि ठरावीक दिवसांत शाळेने आरोग्यसेविकेकडून राहिलेल्या मात्रा पुऱ्या करून घ्याव्यात. ज्यांना नकोच असेल, त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे, ऐकून घ्यावे आणि नकार स्वतःच्या सहीने लिहून द्यावा. सही करताना माणूस थांबून विचार करतो. साथ आली, तर लस न घेतलेल्या मुलांना ती ओसरेपर्यंत घरी ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असावा आणि त्या दिवसांतला अभ्यास बुडू न देण्याची जबाबदारी शाळेवर असावी. हा निर्बंध मुदतीचा आहे, प्रमाणशीर आहे आणि तो शेजारच्या बाळासाठी आहे. साथीत यापेक्षा कमी करणे मला मान्य नाही. तिथे मी निवडीच्या बाजूचा नाही.

कोणी म्हणेल, पहिल्या प्रकरणाला वर्षे लागतील, तोवर मुले मरतील. हा आक्षेप गंभीर आहे. पण पहिले प्रकरण सोडून केलेला कायदाही ती मुले वाचवत नाही, कारण तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दंड करायलाही सरकारला त्या वाडीवर चढावे लागेलच. चढणारच असाल, तर हातात पावतीपुस्तक नेण्यापेक्षा लसवाहक न्या.

सय्यद अहमदांनी आणि गोखल्यांनी स्थानिक संस्थांवर विश्वास टाकला होता. आज त्या आपल्या हातात आहेत. गावोगाव आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती आहे, ग्रामसभा आहे. परक्या कुटुंबांसह गावातल्या प्रत्येक बालकाची यादी ग्रामसभेत वाचली जाऊ शकते, शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्या मुलांची कार्डे पाहता येतात. यासाठी मुंबईच्या कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. कायदा हवा आहे तो सरकारला बांधण्यासाठी.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत मत मागायला कोणी दारात आला, तर ‘तुम्ही सक्तीच्या बाजूचे की निवडीच्या’ असे त्याला विचारू नका. या प्रश्नाला तो टाळीचे उत्तर देऊन निघून जाईल. त्याला विचारा, आमच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका किती महिने नाही? चिरेखाणीवरच्या मुलांची यादी कोणाकडे आहे? लसीने कोणाला इजा झाली तर तुमचे सरकार त्याच्यासाठी काय करील? ज्याला ही उत्तरे देता येतील, त्याने आईबापांकडून कर्तव्याची अपेक्षा करावी. तो अधिकार त्याने कमावलेला असेल, आणि माझी खात्री आहे, इथल्या आया त्याला नाही म्हणणार नाहीत.